डायवाल्याला आधी विचारलं असतं तर

वायरकट:
परवा या फोरमवर एक पोस्ट वाचली. आपले कारखानदार दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर माल पाडतात, डिझाइन कसं करावं यावर जगात एवढं संशोधन झालंय ते कुणी उघडूनही बघत नाही, म्हणून आपल्याकडे नवीन काही घडत नाही, असा सगळा सूर. खाली सगळे 'अगदी खरं, अगदी खरं'. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी २४ वर्षं भोसरीत प्रेस टूल बनवतोय, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, डाय म्हणतात तेच. मागच्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाचं ब्रॅकेट आलं, २ मिलिमीटर पत्रा आणि बेंडला अगदी खेटून भोक. बेंड मारला की भोक ओढलं जाऊन लांबट होणार हे आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या आयटीआयच्या पोरालाही दिसलं. मी मेल केली, भोक ४ मिलिमीटर सरकवा, एकाच प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये, म्हणजे सगळे टप्पे ओळीने करणाऱ्या एका साच्यात, काम होतंय. उत्तर आलं, ड्रॉइंग फ्रीझ झालंय, आता बदल नाही. मग काय, आधी बेंड, नंतर वेगळ्या टूलमध्ये पिअर्सिंग (भोक पाडणं), म्हणजे टूल एक जास्त, प्रेस एक जास्त, माणूस एक जास्त आणि प्रत्येक पीस दोनदा हाताळायचा. आता सांगा, यात संशोधन कुणी वाचायला हवं होतं? मी?

रेखाटन:
पोस्ट माझी होती. आणि तुम्ही जे लिहिलंय तेच तर संशोधन सांगतं! हार्वर्डच्या किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९८०च्या दशकात जगभरच्या मोटार कंपन्यांच्या डिझाइन पद्धती मोजल्या. एक नवी गाडी उभी करायला जपान्यांना सरासरी १७ लाख इंजिनिअरिंग तास लागायचे, अमेरिकेत आणि युरोपात ३० लाखांच्या आसपास. कारणांत एक मोठं कारण डायचं होतं. जपानमध्ये बॉडीचं ड्रॉइंग पूर्ण व्हायच्या आधीच डायवाला कामाला लागायचा, पॅनल साधारण केवढं येणार हे त्याला माहीत, त्यामुळे तो डायसाठी धातूचा ब्लॉक मागवून रफ कटिंग सुरू करायचा आणि डिझायनरशी रोजचं बोलणं चालू असायचं. अमेरिकेत फायनल ड्रॉइंग हातात पडेपर्यंत ब्लॉकला हात लावायचा नाही. तिथे डाय तयार व्हायला दोन वर्षं, जपानमध्ये १४ महिन्यांच्या आत. तुमचं भोक तिथे पहिल्याच आठवड्यात सरकलं असतं.

वायरकट:
मग हे तुमच्या पोस्टमध्ये का नव्हतं? तिथे तर कारखानदार आळशी, वाचत नाहीत, एवढंच होतं. आणि जपानचंच म्हणाल तर पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी साधी युक्ती, कुठे जन्मलं? १९६१ मध्ये एका कारखान्यात बटनाखाली दोन स्प्रिंग बसवायच्या असायच्या, बाई एखादी विसरायची. उपाय काय, तर आधी दोन स्प्रिंग बशीत काढून ठेव, बशीत एक उरली की चूक तिथेच कळते. एक बशी! त्याला कुठली प्रयोगशाळा लागली?

रेखाटन:
बशी कुणी सुचवली? शिगेओ शिंगोने. तो त्या लाइनवरचा कामगार नव्हता, बाहेरून आलेला इंजिनिअर होता, घड्याळ लावून शॉपफ्लोअरवर तासन्‌तास उभा राहणारा. टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय बदलायला ४ तास लागायचे ते त्याने आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणलं. मशीन थांबल्यावरच करावी लागणारी कामं कुठली आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कुठली, हे त्याने बसून वेगळं केलं. बघणं, मोजणं, लिहून ठेवणं, यालाच संशोधन म्हणतात हो. तुमच्या २४ वर्षांतलं किती लिहून ठेवलंय तुम्ही?

वायरकट:
हा प्रश्न विचारायच्या आधी एकदा आमच्यासारखी डिलिव्हरी देऊन दाखवा.

शिरोलीकर:
लिहून ठेवायचं कुणासाठी ते मी सांगतो. आमची फाउंड्री. एका हाउसिंगमध्ये आम्ही स्वतः रिबची (मजबुतीच्या पट्टीची) जागा बदलली, पॅटर्न (साच्याचा नमुना) स्वखर्चाने बदललं, सिम्युलेशन केलं, शंभरेक ट्रायल कास्टिंग वितळवून परत भट्टीत टाकली. प्रत्येक नगामागे ४०० ग्रॅम वजन कमी झालं आणि पोरोसिटीचं, म्हणजे आत बारीक पोकळ्या राहिल्यामुळे होणारं, रिजेक्शनही उतरलं. ग्राहकाने सत्कार केला, शिल्ड दिली. आणि आमचा दर किलोवर! म्हणजे ४०० ग्रॅम कमी, तेवढं बिल कमी. पुढच्या वर्षी वर आणखी ३ टक्के रेट कट मागितला, 'तुमचं रिजेक्शन कमी झालंय ना'. त्या दिवशी वडील म्हणाले, आता जास्तीचं डोकं लावू नको. मी अजून ऐकतोय त्यांचं.

जेब्लॉक:
शिरोलीकरांना १०० टक्के अनुमोदन, आणि ते बिल तरी वेळेवर मिळतं का विचारा. लघुउद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. कुणी मागितलंय व्याज? मागितलं की पुढची ऑर्डर गेली. २०२४ पासून आयकराचं कलम ४३बी(एच) आलं, वेळेत दिले नाहीत तर त्यांना त्या वर्षी खर्च दाखवता येत नाही, वाटलं आता सुटलो. आमच्या एका ग्राहकाने सरळ सांगितलं, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, जिच्यावर हे संरक्षण मिळतं) रद्द करा नाहीतर काम दुसऱ्याला देतो. ११० दिवस पैसे अडकलेला माणूस नवीन डिझाइन करेल की ओव्हरड्राफ्ट सांभाळेल?

रेखाटन:
पेमेंटचा वेगळा धागा काढा ना. इथे विषय डिझाइन प्रक्रियेचा आहे.

जेब्लॉक:
हाच विषय आहे! पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणाऱ्याला तो वेगळा वाटतो.

शिरोलीकर:
बरोबर. ट्रायलचं कास्टिंग काय हवेत होतं? वीज, स्क्रॅप, वाळू, मजुरी, सगळं रोख.

रेखाटन:
माझ्या पगारावर येऊ नका. माझे वडील लेथ चालवायचे, पेमेंट म्हणजे काय ते मला घरातून माहीत आहे.

सांगलीची:
मी ड्रॉइंग फ्रीझ करणाऱ्यांच्या बाजूला बसते, गाड्यांच्या कंपनीत, १२ वर्षं. वायरकट, तुम्हाला ते एक भोक दिसतं. त्या भोकात बसणाऱ्या क्लिपचं मोल्ड दुसरीकडे कापून झालेलं असतं, हार्नेसची (वायरच्या जुडग्याची) लांबी ठरलेली असते, व्हायब्रेशन टेस्ट त्या जागेवर झालेली असते. ४ मिलिमीटरसाठी ते सगळं पुन्हा. त्यामुळे नाही म्हणणारी मीही असेन, आणि त्या वेळी नाही म्हणणं योग्यच असतं.

पण खरी गाठ कुठे आहे ते सांगते, आणि ती तुम्हा दोघांच्याही बोलण्यात आली नाही. परचेसला तीन कोटेशन लागतात आणि तिन्ही एकाच फायनल ड्रॉइंगवर लागतात, नाहीतर तुलना कशी करणार? म्हणजे ड्रॉइंग पूर्ण झाल्याशिवाय टूल कुणाकडे जाणार हेच ठरत नाही, आणि ज्याला विचारायला हवं तो माणूस ठरतो तेव्हा विचारायची वेळ गेलेली असते. जपानी कंपन्या पुरवठादार आधी निवडतात, भाव नंतर एकत्र बसून खाली आणतात. आमच्याकडे मी दोनदा प्रस्ताव दिला, उत्तर आलं, ऑडिटला काय दाखवायचं?

रेखाटन:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कारखानदार वाचत नाहीत हे वाक्य मी पोस्टमधून काढतो. पण कंपन्यांचे वरिष्ठ वाचत नाहीत, हे ठेवणार.

वायरकट:
ताई, क्लिपचं पटलं. ती एक ओळ त्या मेलमध्ये असती तर माझी चिडचिड झाली नसती, पण आम्हाला नुसतं 'फ्रीझ' एवढंच कळवतात. आणि रेखाटन, लिहून ठेवत नाही हे खरं आहे. आमचे जुने मिस्त्री गेल्या वर्षी रिटायर झाले, पत्रा किती स्प्रिंगबॅक घेणार, म्हणजे वाकवल्यावर किती उलटा येणार, हे हाताने सांगायचे, आता तीन-तीन ट्रायल लागतात. तेवढं मान्य. बाकी पोस्टचा सूर मला अजूनही मान्य नाही.

रेखाटन:
या आठवड्यात येऊ का शॉपवर? गुरुवारी मोकळा आहे.

वायरकट:
गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. शुक्रवारी या, ते ब्रॅकेट आणि दोन्ही टूल काढून ठेवतो. वही घेऊन या.

शिरोलीकर:
आणि किलोच्या दराचं काय? त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.