जो थॉमस आणि सलग १०,३६३ खेळ्या
बाद फेरीचा एकही सामना ज्याच्या वाट्याला आला नाही, त्या खेळाडूला थोर का म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन फुटबॉलपटू जो थॉमस हेच आहे, असे मला मनापासून वाटते. २००७ मध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो निवड समारंभाला न जाता वडिलांसोबत मिशिगन सरोवरात मासेमारी करत होता. पुढे संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू, एकामागून एक बदलत गेले, पराभव साचत गेले. तरीही डाव्या टोकाला, म्हणजे उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने येणारा हल्ला अडवायला, तो सलग १०,३६३ खेळ्या (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंत एक खेळी) उभा राहिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये डाव्या दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच ही साखळी तुटली. २०२३ मध्ये, पात्र ठरताच, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मान-दालनात, त्याचा समावेश झाला.