ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना? मग मावशीला माझं रक्त का चालत नाही?

वैदेही:
मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. हिमोग्लोबिन कमी आहे, त्यामुळे आधी रक्त चढवायचं म्हणाले. तिचा गट ओ पॉझिटिव्ह, माझा ओ निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं हे शाळेपासून पाठ आहे, म्हणून मी लगेच गेले. रक्तपेढीने माझा नमुना जुळवून पाहिला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांच्याकडच्या काही ओ पॉझिटिव्ह पिशव्याही जुळल्या नाहीत. "अँटीबॉडी निघालीय, लहान सी" एवढंच कळलं. मावशीला बाळंतपणात रक्त दिलं होतं, तेव्हा काहीच झालं नव्हतं. मग आता गट बदलला का? की नमुना दुसऱ्याच कुणाचा गेला? मावशी इतकी घाबरलीय की ऑपरेशनच नको म्हणते.

समीर:
बॉम्बे ग्रुप तर नाही ना? 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधला तो. साध्या तपासणीत ओ दिसतो, पण ओ चं रक्तही चालत नाही. विचारून बघा.

रक्तपेढीवाली ताई:
वैदेही, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आधी मावशीला सांगा की तिच्या रक्तपेढीने काम नीट केलंय. "जुळत नाही" हे पिशवी लावण्याआधी कळलं, त्यासाठीच क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त आधी जुळवून पाहणं, असतो.

समीर, शंका चांगली आहे. पण बॉम्बे गटात ओ ची एकही पिशवी जुळत नाही, दुसऱ्या बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त लागतं. इथे काहीच पिशव्या अडल्यात आणि अँटीबॉडीचं नावही सापडलंय.

गट बदललेला नाही. लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने 1901 मध्ये ए, बी, ओ मांडले, 1940 मध्ये आरएच आला, आणि कार्डावर आपण तेवढंच लिहितो. तांबड्या पेशींवर याखेरीज शेकडो खुणा असतात. आरएचमध्येच डी, मोठा सी, लहान सी, मोठा ई, लहान ई अशा पाच महत्त्वाच्या. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते फक्त डी वरून.

मावशीच्या पेशींवर लहान सी नाही. बाळंतपणातल्या त्या रक्तात तो असणार, किंवा बाळाला वडिलांकडून आला असेल. शरीराने ती परकी खूण ओळखली आणि तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केली. पहिल्या वेळी काही जाणवत नाही, कारण अँटीबॉडी बनायला वेळ लागतो. धोका पुढच्या वेळी असतो, तेव्हा तयार असलेली अँटीबॉडी ती खूण असलेल्या पेशी फोडते.

आता तुमचं रक्त. डी नसलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या पेशींवर लहान सी असतोच. म्हणजे जे रक्त सगळ्यांना चालतं म्हणतात, नेमकं तेच मावशीला चालणार नाही! आणीबाणीत गट तपासायलाही वेळ नसतो, तेव्हा ओ निगेटिव्ह देतात, कारण रक्तस्रावाने माणूस जाण्याचा धोका त्याहून मोठा असतो. ती नाइलाजाची निवड आहे. शिवाय ते तांबड्या पेशींपुरतंच. प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाचं, गणित उलटं, तिथे एबी चा सगळ्यांना चालतो.

मावशीला लहान सी नसलेलं ओ पॉझिटिव्ह हवं. भारतीयांमध्ये असे दाते दुर्मीळ नाहीत, पिशव्या तपासत गेलं की मिळतात. ऑपरेशन ठरलेलं आहे, तर तेवढा वेळ रक्तपेढीला द्या.

आणखी एक. जवळच्या नातेवाइकाचं रक्त जास्त सुरक्षित ही समजूत मला फार छळते. त्यातल्या पांढऱ्या पेशी मिळत्याजुळत्या असल्याने रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, आणि तिथे तग धरून त्याच्यावरच उलटू शकतात. क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेकदा जीवघेणं असतं. म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करतात.

सिस्टर मीनल:
वॉर्डमधून सांगते. मोठे घोटाळे बहुधा नावाच्या चुकीने होतात. नमुना घेताना नळीवर नाव तिथेच, खाटेपाशी लिहिलं जातंय का बघा. पिशवी लावण्याआधी दोघांनी नाव, नोंदणी क्रमांक आणि गट पडताळायला हवा. पहिली 15 मिनिटं मावशीजवळ थांबा. थंडी वाजली, ताप आला, कंबर दुखली, धाप लागली तर लगेच हाक मारा. रक्त तिथेच थांबवतात.

वैदेही:
ताई, सिस्टर, मनापासून आभार. मावशीला सगळं वाचून दाखवलं, ती तयार झाली. दोन पिशव्या जुळल्याचा निरोपही आलाय. तिच्या कार्डावर आता काय लिहून घेऊ?

रक्तपेढीवाली ताई:
"अँटी-लहान सी, लहान सी नसलेलं रक्त द्यावे" असं रक्तपेढीच्या सहीने लिहून घ्या आणि पुढे प्रत्येक दवाखान्यात आधी तेच दाखवा. अशी अँटीबॉडी काही वर्षांनी इतकी उतरते की तपासणीत दिसत नाही, आणि चुकीचं रक्त मिळालं की पुन्हा झपाट्याने वाढते. मग त्रास त्याच दिवशी न होता आठवड्या-दोन आठवड्यांत होतो. म्हणून रक्त दिल्यावर तेवढे दिवस डोळे पिवळे, लघवी गडद किंवा हिमोग्लोबिन पुन्हा घसरलेलं दिसलं, तर डॉक्टरांना रक्त दिल्याचं आवर्जून सांगा. आणि तुम्ही रक्तदान जरूर करा, फक्त मावशीच्या नावाने नको.