मदत हवी आहे: जुन्या दुनळी बंदुकीचा हा भाग कोणता?

नमस्कार मंडळी. काकांकडे परवान्याची, बाहेर घोडे (चाप ओढल्यावर आपटणारे हातोडे) असलेली बारा बोअरची दुनळी आहे, पणजोबांच्या वेळची. नळ्यांखाली ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असा ठसा आहे, म्हणजे 1875 ते 1887 च्या दरम्यान इंग्लंडमध्ये तपासलेली असावी. तिच्या पेटीत पोलादाचा एक सुटा तुकडा मिळाला: अंगठ्याच्या पेराएवढा, एका अंगाला चौकोनी दांडा, कडेला दोन खाचा, एक खोल, दुसरी उथळ. घोडा ज्यावर बसतो तो आतला भाग असेल का? खोल खाच घोडा अर्धा चढवून अडकवण्याची, उथळ पूर्ण चढवल्याची, असा माझा अंदाज. पण बंदुकीचे दोन्ही घोडे व्यवस्थित चढतात. मग हा तुकडा एखाद्या ठासणीच्या बंदुकीचा की याच दुनळीचा बदललेला भाग? ओळखायचं कसं? काका बंदूक खोलू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.