‘ऐतिहासिक गुन्हे’ आणि ‘भोगून झालेली’ जन्मठेप

रामबागकर (इंदूर): इंग्लंडमधल्या एका खटल्याचं भाषांतर करतोय. माणूस खुनाच्या जन्मठेपेतून बाहेर आला आणि मग त्याचे १९७०च्या दशकातले गुन्हे उघडकीस आले. संपादक म्हणतात ‘ऐतिहासिक गुन्हे’ लिहा. मला खटकतंय. आणि ‘जन्मठेप भोगून झालेला’ बरोबर आहे का?

ग्वाल्हेरवाला: ऐतिहासिक गुन्हा एकच, १७७३ सालचा, शनिवारवाड्यातला! बाकी सगळे ‘जुने गुन्हे’.

बाररूम (इंदूर): ‘भोगून झालेला’ तर नकोच. गोपाळ गोडसे प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९६१ सालीच सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. इंग्लंडात किमान मुदत भरल्यावर पॅरोल बोर्ड सोडू शकतं, पण लायसन्स, म्हणजे सुटकेच्या अटी, मरेपर्यंत. वाकडं पाऊल पडलं की परत आत. ‘सुटलेला’ लिहा. जुन्या गुन्ह्याला शिक्षा देताना मात्र कमाल मर्यादा त्या वेळच्या कायद्याची. आपल्याकडेही राज्यघटनेचं कलम २०(१) तेच म्हणतं.

सुदामानगर: मग चौदा वर्षं कुठून आली? आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.

बाररूम: फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर चौदाच्या आत माफी देऊन सोडता येत नाही, १९७८ पासून. सुटायचा हक्क नव्हे तो.

शुद्धमराठी: ‘लायसन्स’ काय? ‘अनुज्ञप्ती’ आहे ना.

ग्वाल्हेरवाला: अनुज्ञप्तीवर सुटलेला खुनी! रिक्षा चालवायला सोडलाय का त्याला? ‘अटींवर सुटलेला’ म्हणा, आमच्या आजीलाही कळेल.

शुद्धमराठी: आजीला कळावं म्हणून कायद्याची भाषा पातळ करायची?

बडोदेकर: इकडे गुजरातीत ‘जन्मटीप’ म्हणतात. माझं ठाम मत, आपली ‘ठेप’ म्हणजे मुळात ‘टीप’च.

सुदामानगर: छे! ‘येऊन ठेपणे’ मधलं ठेप. जन्मभर एका जागी ठेपला तो.

बडोदेकर: येऊन ठेपणारा पोचतो हो, अडकत नाही.

रामबागकर: मंडळी, ‘ऐतिहासिक’चं काय? आणि नवी शिक्षा जुन्या जन्मठेपेबरोबर चालणार असेल तर काय लिहू? इथे कोर्टात सगळे ‘साथ-साथ’ म्हणतात.

शुद्धमराठी: समवर्ती.

बाररूम: ‘एकाच वेळी भोगायच्या’. पण टीपवाल्यांनो, गुजरातीत नुसत्या ‘टीप’चा अर्थ काय?

बडोदेकर: शेजारी गुजरातीचे निवृत्त मास्तर आहेत, संध्याकाळी विचारतो. तोवर ‘ठेपला’वाल्यांनी जरा दम धरा.