मिस्टर फायरमन आहेत, हल्ली घरात बोलतच नाहीत

धाकटी_वहिनी:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मिस्टर 11 वर्षं अग्निशमन दलात आहेत. आधी ड्युटीवरून आले की सगळं सांगायचे, कुठे मांज्यात अडकलेली घार सोडवली, कुठे लिफ्टमध्ये आजी अडकल्या न् त्याच ह्यांना धीर देत होत्या, हसायचो आम्ही. गेल्या पावसाळ्यात विहिरीत बुडालेल्या दोन पोरांची वर्दी (कॉल) होती, त्यातला एक आमच्या धाकट्याच्या वयाचा. तेव्हापासून गप्पच. कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात, रात्री तीन-तीनदा उठून गॅसचा रेग्युलेटर बघतात. माणसं कमी म्हणून डबल ड्युटी तर नेहमीचीच. डॉक्टरांचं नाव काढलं की "मला काय वेड लागलंय का?" कुणाकडे झालंय का असं?

जुना_बंबवाला:
ताई, 31 वर्षं काढून रिटायर झालो. आगीचं काही वाटत नाही हो, ती समोर दिसते, पाणी मारता येतं. त्रास बॉडी काढायच्या वर्दीचा, आणि बेल कधी वाजेल याचा. बूट पायाशी ठेवून पडायचं, त्याला काय झोप म्हणायची. परत आलं की होज धुवून वाळत टाका, रजिस्टरला "दोन मृतदेह बाहेर काढले" लिहा, चहा प्या, झालं. 14 एप्रिलला 1944 च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या दलाच्या 66 जणांना सलामी देतो आम्ही दरवर्षी, पण जो जिवंत परत आला त्याला कुणी विचारत नाही बाबा तू कसा आहेस. मी प्यायला लागलो होतो. बायकोचं ऐकलं नाही, बॅचच्या दोस्तानं धरून नेलं डॉक्टरकडे. तुम्ही नका सांगू, त्या विहिरीवर सोबत कोण होतं ते शोधा.

टाइमपास_07:
दिवसभर स्टेशनात कॅरम तर खेळतात, कसलं टेन्शन 😄

जुना_बंबवाला:
@टाइमपास_07 ये एकदा, नाइटला बसू खेळायला.

समुपदेशक_को:
वहिनी, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद कामाशी संबंधित म्हणून केली, आजार म्हणून नाही, त्यामुळे कधीकधी रजा-विश्रांतीने फरक पडतो. पण दचकणं, पुन्हापुन्हा गॅस बघणं, तेही त्या वर्दीनंतर, हे मला नुसतं थकणं वाटत नाही. इथून निदान करणार नाही, सायकियाट्रिस्टला दाखवाच. तोवर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि ते तयार नसले तर तुम्ही स्वतः लावा, घरच्यांशीही बोलतात.

धाकटी_वहिनी:
लावला काल, ते पाणी भरायला गेले तेव्हा. आणि काका, विहिरीत ह्यांच्यासोबत जे उतरले होते ते रविवारी जेवायला येतायत. म्हणाले, वहिनी मलापण झोप नाही. ह्यांना अजून सांगितलं नाहीये.