मॅक २ च्या टनेलमध्ये ब्लीड उघडला की सेपरेशन उलट वाढतंय

पाचरवाला:
एम.टेक.चं शेवटचं सेमिस्टर. आमचा छोटा ब्लोडाउन टनेल आहे, म्हणजे टाकीत दाबून भरलेली हवा सोडून चालवायचा वाऱ्याचा बोगदा. मॅक २ (ध्वनीच्या दुप्पट वेग), नॉझलआधीच्या सेटलिंग चेंबरला ४ बार ॲब्सोल्यूट, रन जेमतेम ८ सेकंदांचा, मग टाकी भरेपर्यंत पाऊण तास चहा. वर १० अंशांची वेज (पाचर) लावून तिचा शॉक (दाब एकदम चढवणारी लाट) खालच्या प्लेटवर पाडतो. तो आपटतो तिथे बाउंडरी लेयर (प्लेटलगतचा मंद हवेचा थर) उखडतो, म्हणजेच सेपरेशन; श्लीरेनमध्ये (हवेच्या घनतेतले फरक दाखवणारं चित्रण) स्वच्छ दिसतं. म्हणून तो थर शोषून घ्यायला (यालाच ब्लीड म्हणतात) त्या जागी दीड मिमीच्या भोकांच्या सहा ओळी पाडल्या, तीन शॉकच्या आधी, तीन नंतर. खाली एकच प्लेनम (भोकांतली हवा गोळा करणारी पेटी), त्याचा पाइप खोलीतच उघडा. शॉकमागे दाब जास्त असतो, तर हवा आपसूक बाहेर पडेल असा हिशेब होता. पण पाइप उघडला की सेपरेशन आणखी आधी सुरू होतं! गाइड म्हणतात आणखी दोन ओळी पाड. पाडू का?

जुना_टनेलवाला:
आधी ड्रिल खाली ठेव. प्लेनममधला दाब मोजलास का? नसशील, म्हणून मीच आकडे मांडतो.

मॅक २ ला वाहत्या हवेचा स्टॅटिक दाब स्टॅग्नेशनच्या (सेटलिंग चेंबरमधल्या जवळपास थांबलेल्या हवेच्या दाबाच्या) ०.१२८ पट. म्हणजे तुझ्या ४ बारवर प्लेटजवळ शॉकच्या आधी फक्त ०.५१ बार. १० अंशांचा शॉक आणि त्याचा परावर्तित शॉक मिळून दाब २.८ पट करतात, म्हणजे मागे १.४३ बार. आणि खोलीत १ बार. आता सांग, पुढच्या तीन ओळींतून हवा कुठल्या दिशेने जाईल?

तू शोषत नाहीयेस बाबा, फुंकतोयस. मागच्या भोकांतून हवा प्लेनममध्ये उतरते आणि पुढच्या भोकांतून वर येते. आधीच दमलेल्या थराला खालून ढुशी! तो लवकर उखडणारच. पाइप बंद केलास तरी आतल्या आत हे फिरणं चालूच राहणार, कारण प्लेनम एकच.

आम्हीही एकदा हेच करून बसलो होतो. कळलं ते तेलाने. टायटॅनियम डायऑक्साइड तेलात कालवून प्लेटवर फासलं होतं, रन संपल्यावर पाहतो तर पुढच्या प्रत्येक भोकाभोवती नालेच्या आकाराची पांढरी रेघ. शोषणाऱ्या भोकापाशी तशी रेघ उमटत नाही.

पुढच्या ओळींना वेगळा प्लेनम दे आणि तो व्हॅक्यूम टाकीला जोड. दाब ०.५१ च्या बराच खाली हवा. तोवर पुढच्या ओळी बुजवून बघ.

जेट_वेडी:
एसआर-७१ या टेहळणी विमानाच्या इनलेटमध्येही (इंजिनाला हवा देणारं तोंड) शोषण दोन जागी आहे आणि वाटा वेगवेगळ्या. स्पाइकवरून (तोंडातला टोकदार शंकू) ओढलेली हवा नासेलवरच्या (इंजिनाचं कवच) झडपांतून बाहेर टाकतात. काउलच्या (तोंडाभोवतीचं बाहेरचं कडं) आतल्या कडेला शॉक ट्रॅप नावाची शोषणाची फट आहे, तिथली हवा इंजिनाभोवतून त्याला थंड करत मागच्या नॉझलपर्यंत जाते. (त्याच्या जे५८ इंजिनाचे ते सहा जाडजूड पाइप म्हणजे हे नव्हे, ते कॉम्प्रेसरच्या चौथ्या टप्प्यातून आफ्टरबर्नरकडे (मागे जादा इंधन जाळणारा भाग) हवा नेतात. दर वेळी कोणीतरी घोळ घालतंच.)

नवखा:
मग एफ-३५ या लढाऊ विमानाला अशी भोकं का नाहीत?

जुना_टनेलवाला:
तिथे इनलेटच्या तोंडाशी फुगवटा आहे, तो बाउंडरी लेयरला बाजूला सारतो. ब्लीड फुकट नसतो. हवा आत घ्यायची, तिचा वेग मारायचा आणि टाकून द्यायची, हे सगळं ड्रॅगमध्ये मोजावं लागतं. शिवाय वजन, पाइप, झडपा.

पाचरवाला:
काका, बरोबर निघालं! रनच्या वेळी पाइपच्या तोंडाशी टिश्यूची पट्टी धरली होती, ती आत खेचली गेली. लाज वाटली. पुढच्या तीन ओळी एम-सीलने बुजवल्या, पॉलिश पेपरने घासून सपाट केल्या. आता सेपरेशनची रेघ मधोमध बरीच मागे सरकली आहे. पण दोन्ही कोपऱ्यांत तेल अजून गोल गोल फिरतंय. तिथेही भोकं पाडू?

जुना_टनेलवाला:
तुला ड्रिलचा फारच सोस दिसतो. कोपऱ्यात प्लेटचा आणि काचेचा असे दोन थर एकत्र येतात आणि शॉक दोघांनाही बसतो. मधल्या भोकांनी ते दुखणं जाणार नाही. वेज काचेपासून काचेपर्यंत आहे की मधे फट सोडली आहेस? आणि टेस्ट सेक्शनची रुंदी किती?