केप हॉर्नला भिंगं वाटायची की सापळे लावायचे?

कडवट_काढा
दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाला, केप हॉर्नच्या भागात, चिलीचं नवारिनो बेट आहे. त्यावर पुएर्तो विल्यम्स हे दोनेक हजार वस्तीचं गाव, आणि गावाबाहेर रोबालो नदीच्या खोऱ्यात ओमोरा नावाचं उद्यान. रिकार्दो रोझ्झी हे परिसरशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्हींत वावरणारे गृहस्थ; त्यांच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास ते उभं राहिलं. तिथे शाळेतली पोरं आणि पर्यटक यांच्या हातात भिंग देतात, गुडघ्यावर बसवतात आणि खोडावरचं शेवाळ दाखवतात. याला 'सूक्ष्म अरण्य' म्हणतात. जगभर कौतुक होतं. छान आहे, मला काही आक्षेप नाही.

आक्षेप पुढे आहे. त्याच भागात, शेजारच्या तिएरा देल फ्युएगो या मोठ्या बेटावर, १९४६ साली अर्जेंटिनाच्या सरकारने कॅनडातून वीसेक बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी) आणून सोडले. फरचा धंदा काढायचा होता. धंदा झाला नाही, बीव्हर मात्र झाले. तिकडे ना अस्वल, ना लांडगा. साठच्या दशकात ते पोहून नवारिनोवर पोचले, नव्वदच्या दशकात खुद्द मुख्य भूमीवर. आज लाखाच्या आसपासचे अंदाज दिले जातात. कॅनडातली विलो, पॉप्लर ही झाडं कुरतडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात. इथलं लेंगा नावाचं झाड तसं फुटत नाही. बांध घातला की मुळं बुडतात आणि उभं जंगल राखाडी होऊन मरतं. बीव्हर निघून गेल्यावरही तिथे गवत येतं, जंगल परत येत नाही.

माझं मत सरळ आहे. ऑस्ट्रेलियाने मॅक्वारी बेटावर ससे, उंदीर, घुशी संपवल्या. २०१४ ला बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट २०१८ ला उंदीरमुक्त झालं. हेलिकॉप्टर, विषारी आमिष, शिकवलेले कुत्रे. तत्त्वज्ञान कुणी शिकवलं नाही. पैसा थोडा आणि वेळ कमी असताना तो सापळेवाल्यांना द्यावा, भिंगवाल्यांना नाही.

मास्तर_निवृत्त
असहमत. मॅक्वारीवर आणि साउथ जॉर्जियावर कायमचं राहतं कोण? संशोधक आणि दोन-चार अधिकारी. आकाशातून आमिष टाकलं तर तक्रार करायला पेंग्विन. तिएरा देल फ्युएगोवर माणसं राहतात, मेंढ्यांची मोठाली खाजगी रानं आहेत, आणि मधून दोन देशांची सरहद्द जाते. ओढा एका मालकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात जातो. एकाने "माझ्या हद्दीत सापळा नको" म्हटलं की वरखालची सगळी मेहनत वाया, कारण राहिलेली जोडी पुन्हा पसरते. चिली आणि अर्जेंटिनाने बीव्हर हटवण्याचा करार २००८ सालीच केला आहे. कागद आहे, शास्त्र आहे, सापळे आहेत. अडतंय ते माणसांच्या होकारापाशी.

आणि होकार का मिळत नाही तेही बघा. अर्जेंटिनातल्या उशुआया शहराजवळच्या बर्फावरच्या घसरगुंडीच्या प्रसिद्ध ठिकाणाचं नाव सेर्रो कास्तोर, म्हणजे बीव्हरचाच डोंगर. पर्यटकांना बीव्हरचे बांध दाखवायला नेतात. ज्या प्राण्याचं चित्र टोपीवर छापून विकलं जातं, त्याला मारायचं म्हणताय. शाळेशिवाय कसं जमेल?

कडवट_काढा
@मास्तर, मग शाळेत बीव्हर शिकवा ना. मेलेलं जंगल दाखवा. शेवाळ कशाला? पोराला शेवाळाचं नाव पाठ झालं म्हणून त्याचा बाप रानात सापळा लावू देईल, हे गणित मला सुटत नाही.

पानगळ
शेवाळ कशाला, याचं उत्तर वनस्पतिशास्त्राकडे आहे आणि ते शाळेहून मोठं आहे.

बराच काळ 'जैवविविधता कुठे जास्त' हे मोजलं जायचं ते फुलझाडांवर आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर. त्या हिशोबात विषुववृत्त श्रीमंत आणि ध्रुवाकडचा भाग कंगाल. केप हॉर्नला झाडांच्या जाती हातावर मोजण्याइतक्या. मग कुणीतरी शेवाळं आणि लिव्हरवर्ट (शेवाळासारख्याच बिनफुलांच्या चिमुकल्या वनस्पती) मोजली. जगाच्या जमिनीच्या ०.०१ टक्क्यांहूनही लहान तुकड्यावर जगातल्या अशा वनस्पतींच्या ५ टक्क्यांहून जास्त जाती निघाल्या! युनेस्कोने २००५ साली केप हॉर्न जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर केलं, त्यामागे जे युक्तिवाद होते त्यांत हा ठळक होता. म्हणजे भिंगाने आधी शास्त्रज्ञांना शिकवलं, पोरं नंतर. जे मोजतच नाही ते वाचवायला पैसा कुठून येणार?

शिवाय या वनस्पतींना खरी मुळं नसतात. पाणी आणि क्षार बरेचसे थेट पावसातून आणि हवेतून घेतात. हवा बिघडली की आधी यांना कळतं, तेव्हा ही शोभेची नाहीत.

आणि आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेनच, बुरशी आणि शैवाल मिळून बनलेलं, शेवाळासारखंच खोडादगडावर वाढणारं. वर्षानुवर्षं खातोय, झाडावर कसं दिसतं ते विचारलं तर दहातले नऊ गप्प बसतील.

तारवटी_मडगांव
क्रूझवर किचनात होतो, अंटार्क्टिकाच्या हंगामात उशुआया हेच आमचं बंदर. एका सुट्टीच्या दिवशी गाडीने आत गेलो होतो. ते मेलेलं रान खरंच बघवत नाही, मैलभर नुसते खांब. काढेसाहेबांच्या त्या वर्णनात खोटं काही नाही.

पण एक सांगतो. साउथ जॉर्जियाला उतरायच्या आधी बोटीवर जो कार्यक्रम चालतो तो शाळाच असते. सगळ्यांना बसवून माहिती देतात, मग बूट धुवायचे, खिसे उलटे करायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेली गवताची बी चिमट्याने काढायची, बॅगा व्हॅक्यूमने साफ. किनाऱ्यावर जाणाऱ्या स्टाफलाही सुटका नाही. २०१८ ला उंदीर संपले हे बरोबर, पण आजवर परत आले नाहीत ते या कटकटीमुळे. हेलिकॉप्टर आपलं काम करून परत गेलं. राखण अजून चालूच आहे.

आता भिंगवाल्यांनाही एक. पुएर्तो विल्यम्सला जायचं तर चिलीतल्या पुंता आरेनास शहराहून छोटं विमान नाहीतर दीड दिवसाची फेरी. तिथे शेवाळ बघायला येतो तो पैसेवाला परदेशी. त्याचं 'पर्यावरण शिक्षण' झालं म्हणून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. बोटीवर अशी माणसं पुष्कळ पाहिली, व्याख्यानात रडतात आणि बुफेत अर्धं ताट टाकतात.

रेवा_ठाणे
तारवटींच्या शेवटच्या परिच्छेदाला +१, पण मला टोचतंय ते वेगळंच. सगळा धागा शास्त्रज्ञ, पर्यटक आणि बीव्हर यांच्यात चाललाय. तिथली माणसं कुठे आहेत?

ते पाणी याघान लोकांचं. होडीत चूल पेटती ठेवून या खाडीखाडींतून हजारो वर्षं फिरलेले लोक. क्रिस्तिना काल्देरॉन, ती भाषा आईच्या दुधाबरोबर बोललेली शेवटची बाई, फेब्रुवारी २०२२ मध्ये ९३ व्या वर्षी गेली. उद्यानाचं ओमोरा हे नावही त्यांचंच, तिकडच्या हमिंगबर्डचं. आणि बीगल खाडीत सामन माशाची पिंजराशेती येऊ घातली तेव्हा उभं कोण राहिलं? २०१९ साली नॉर्वेचे राजा-राणी पुएर्तो विल्यम्सला आले होते, नॉर्वे म्हणजे सामनशेतीचा दादा देश. याघान मंडळींनी त्यांच्यासमोरच विरोध मांडला. त्याच वर्षी पिंजरे निघाले. दोन वर्षांनी पलीकडच्या अर्जेंटिनाच्या तिएरा देल फ्युएगो प्रांताने कायदाच करून सामनशेती बंद केली. ज्यांना समुद्र राखायचा होता त्यांना भिंग लागलं नाही. बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी त्यांना निसर्गप्रेम शिकवायचं म्हणजे गंमतच.

मास्तर_निवृत्त
@रेवाताई, सामनचा मुद्दा एकदम मान्य. पण आजच्या पुएर्तो विल्यम्समध्ये याघान थोडे. गावाचा मोठा भाग नौदलाची कुटुंबं आणि बदलीवर आलेले कर्मचारी. दोन-चार वर्षं राहतात आणि जातात. त्यांच्या पोरांना समोरच्या झाडाचं नाव कोण सांगणार? आजी गावाकडे राहिलेली असते. मला वाटतं हे भिंग मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, याघानांसाठी नाही. पर्यटक हा वरखर्च भागवायचा मार्ग.

आणि हे फक्त प्राध्यापकी कौतुक नाही. गावाचं पिण्याचं पाणी त्याच रोबालोच्या खोऱ्यातून येतं.

कडवट_काढा
पाण्याचा मुद्दा चांगला आहे, तो आधी सांगायचा होतात. पाण्यासाठी खोरं राखा, हे कुणालाही पटतं, आणि त्याला भिंग लागत नाही.

रेवा यांच्याशी मी निम्मा सहमत. सामनच्या लढाईत शत्रू समोर दिसत होता, पिंजरे, बोटी, परवाने. बीव्हरला परवाना नाही. तो रात्री येतो, गोंडस दिसतो, त्याच्यावर मोर्चा काढता येत नाही. म्हणूनच म्हणतो, निर्णय घ्या आणि मारा. तारवटींच्या बुटांचं म्हणाल तर ती शिस्त आहे, शिक्षण नव्हे. बूट धुतले नाहीत तर उतरू देत नाहीत. एवढंच. नियम करा, दंड करा, विषय संपला.

पानगळ
काढेसाहेब, बीव्हर सोडा. मिंकचं बघा. हा अमेरिकी शिकारी सस्तन २००० नंतर नवारिनोवर दिसू लागला. बेटावर मुळात जमिनीवरून येणारा मांसाहारी सस्तन नव्हताच, त्यामुळे तिथली बदकं आणि हंस-बदकं जमिनीवर बिनधास्त अंडी घालतात. मिंकसाठी सापळे हवेत, कबूल. पण त्याच बेटावर गावातून सुटलेले कुत्रेही रानात हिंडतात, शिकार करतात. ते कुणाचे? त्या बदलीवाल्या कुटुंबांचेच. बदली झाली, कुत्रा मागे. मिंकला मारलं तर गाव टाळ्या वाजवेल. कुत्र्याला सापळा लावून बघा, दुसऱ्या दिवशी गाव तुमच्या दारात.

कडवट_काढा
कुत्र्यांसाठी नसबंदी आणि मालकाला दंड. पुन्हा नियमच.

रेवा_ठाणे
दंड कोण वसूल करणार, त्याच गावातला पोलीस ना? त्याचाही कुत्रा असेल.

तारवटी_मडगांव
😀 हे खरं. आणि काढेसाहेब, बूट धुवायचा नियम आहे, पण केबिनमध्ये कोण बघतं? खिसा उलटा करणारा तोच, ज्याला बी गवताचं आहे आणि ते तिथे रुजतं हे माहीत असतं. आमचा एक पोर्तुगीज वेटर घरी बाग करायचा. त्याचे मोजे सगळ्यांत स्वच्छ असायचे.

कडवट_काढा
वेटरचा मुद्दा घेतो. शेवाळाचा अजून नाही. मास्तरांनी किंवा पानगळ यांनी एवढं सांगावं: ओमोरातून शिकून गेलेल्या कुणाच्या रानात, कुठल्या ओढ्यावर, बीव्हर काढायला परवानगी मिळाली? एक ओढा सांगा, मी धाग्याचं शीर्षक बदलतो.

पानगळ
तोच प्रश्न उलटा विचारते. २००८ पासून करार आहे, सापळे आहेत. कुठल्या मोठ्या खोऱ्यातून बीव्हर कायमचे गेले ते तुम्ही सांगा.